'साथ छान दिली' म्हणणाऱ्यांना जयभीम

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली एक पोरगी नाट्यस्पर्धेतून बक्षीस घेऊन आली. लोकनाट्य होतं, ढोलकी आणि गाण्यांसकट. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: सहायक अभिनेत्री, विनोदी. तिची आई बंदराच्या मागच्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायचं काम करते, रोजंदारीवर. तिने त्या दिवशी खाडा करून पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. पोरगी सांगत होती, परीक्षक भाषणात म्हणाले की हिने 'अस्सल गावरान' काम केलं आणि नायकाला 'साथ छान दिली'.

त्यानंतर आठ दिवसांनी विहारात जयंती कमिटीची बैठक झाली. मी सुचवलं, १४ एप्रिलच्या कार्यक्रमात हिला वीस मिनिटं देऊ. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्या हाताखाली मी चळवळ शिकले, शांतपणे म्हणाले, "ताई, बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांचे पैसे परत केले होते, हे तुम्हाला मी सांगायचं का? आपल्या लेकीबाळींनी नाचगाणी सोडावीत म्हणून एवढं रामायण झालं, आणि आपणच जयंतीला तमाशा लावायचा?"

परीक्षक आणि हे काका एकमेकांना ओळखत नाहीत. एकाने टाळी वाजवली, दुसऱ्याने हात जोडले. पण दोघांनीही त्या पोरीला एकाच जागी उभं केलं. परीक्षकाच्या लेखी ती नायकाच्या बाजूला शोभणारी, काकांच्या लेखी चळवळीच्या बाजूला ठेवायची. हा लेख दोघांसाठी आहे.

आधी परीक्षकांचं पाहू.

महाराष्ट्रात विनोदी स्त्री भूमिकेबद्दल बोलायचं तर 'गाढवाचं लग्न' टाळता येत नाही. हरिभाऊ वडगावकरांचा वग, दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार, आणि त्यांच्यासमोर प्रभा शिवणेकरांची गंगी. दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पुढे हा वग शहरी रंगमंचावर गेला, प्रकाश इनामदारांनी केला, मोहन जोशींनी केला, २००७ मध्ये मकरंद अनासपुरेंचा सिनेमा आला. प्रत्येक वेळी चर्चा एकच: सावळ्या कोण करतोय? गंगी कोण करतेय हे बातमीच्या शेवटच्या ओळीत.

आता जरा वग कसा उभा राहतो ते आठवा. तमाशातल्या वगाला नाटकासारखी पाठ करायची संहिता नसायची. कथेचा सांगाडा ठरलेला, गाणी ठरलेली. मधलं बोलणं फडावर, त्या रात्रीच्या प्रेक्षकांसमोर, हजरजबाबीपणाने रचलं जायचं. दादू इंदुरीकर यासाठीच नावाजलेले. पण हजरजबाबी होण्यासाठी समोर सवाल लागतो. सावळ्या-गंगीची जुंपते तेव्हा तो एक फेकतो, ती झेलून उलट फेकते, आणि तिने काय फेकलं त्यावर त्याचं पुढचं वाक्य ठरतं. म्हणजे ती बाई नुसती भूमिका करत नव्हती, अर्धा वग लिहीत होती, रोज नव्याने. पुस्तकात लेखक म्हणून एका पुरुषाचं नाव आलं, हशा दुसऱ्या पुरुषाच्या खात्यावर जमा झाला, आणि गंगीला मिळालं काय? 'साथ'.

कुणी म्हणेल, प्रभाताईंना राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला की. मिळाला, आणि तो विठाबाईंच्या नावाचा आहे. त्या नावाचंही बघा. फडावर त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर होत्या. वडील भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातले, त्यांनी जात लपवली नाही, बोर्डावर लावली. सरकारने पुरस्कार काढला तेव्हा 'मांग' गाळून 'तमाशासम्राज्ञी' जोडलं. कला ठेवली, जात पुसली. पुसून टाकायची असती तर गावातून पुसायची होती, पुरस्कारातून का?

विठाबाईंची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पोटुशी असताना खेळ चालू होता, कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या. कलेवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट शाळेतल्या भाषणांतसुद्धा सांगतात. मला ती ऐकताना १९२८ साल आठवतं. मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले होते. त्या बाईला रजा हवी होती, तुम्ही तिला सम्राज्ञी केलं. त्याच विठाबाई २००२ मध्ये हलाखीत गेल्या.

हे विषयांतर वाटेल, पण नाही. कौतुक कशाचं होतं आणि हक्क कशाचा मिळतो, हाच या लेखाचा विषय आहे.

'गावरान' हा शब्द घ्या. गावरान कोंबडी, गावरान अंडी, गावरान तूप, आणि गावरान अभिनेत्री. पुण्या-मुंबईच्या नायिकेला कुणी 'अस्सल शहरी' म्हणून बक्षीस देतं का? तिचं ते अभिनयकौशल्य. आमच्या पोरीचं ते 'अस्सल', म्हणजे तिने काही केलंच नाही, ती मुळात तशीच आहे! तिने तीन महिने तालमी केल्या. कामावरून सुटल्यावर पनवेलला जायची, रात्री शेवटची एसटी चुकली तर कुणाच्या तरी टेम्पोत बसून यायची. श्वास कुठे तोडायचा, हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य कसं टाकायचं, हे ती शिकली. त्या शिकण्याला परीक्षकांनी नाव दिलं गावरान. समाजशास्त्रात आम्ही सांस्कृतिक भांडवल शिकलो होतो. ज्याच्याकडे ते वारशाने आहे त्याचं कसब मानलं जातं, आणि जिने ते कष्टाने कमावलं तिचा तो स्वभाव ठरतो. एम.ए.च्या पेपरात ही ओळ लिहिणं सोपं होतं. पोरगी समोर बसून पेढा भरवत असते तेव्हा अवघड जातं.

मराठी कौटुंबिक नाटकात, मालिकेत विनोदी बाई कोण असते? मोलकरीण. कंबरेला पदर खोचलेला, मोठं कुंकू, भाषा 'न' आणि 'ण'ची अदलाबदल करणारी. मालकिणीच्या दिवाणखान्यात ती चुकीचा इंग्रजी शब्द बोलते आणि हशा पिकतो. ती काळी, जाडी किंवा फार बारीक, आणि तिचं लग्न झालेलं नसेल तर तोही विनोद. नायिका गोरी. नायकाच्या मिठीत ती जाणार, ही त्यांच्या लग्नात नाचणार. अकलूजच्या सावळ्या पोरीला घोड्यावर, बुलेटवर बसवून नायिका करायला नागराज मंजुळेंना यावं लागलं, आणि त्यासाठी २०१६ साल उजाडलं. 'विनोदाला जात नसते' म्हणणाऱ्यांनी गेल्या पन्नास वर्षांतल्या विनोदी मोलकरणींची आडनावं काढून पाहावीत. एखादी देशपांडे सापडली तर मला कळवा.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हसण्याचंही तसंच आहे. कुणी हसायचं आणि कुणावर हसायचं, हे आधी वाटून झालेलं असतं.

तमाशात हे वाटप किती पक्कं होतं पाहा. गण झाला की गवळण. गवळणीत कृष्ण, पेंद्या, गवळणी, आणि मावशी. गवळणी बायका असत, नाचणाऱ्या. मावशी मात्र पुरुष! लुगडं नेसलेला, हातवारे करणारा. म्हणजे बाईची जी एकमेव भूमिका लोकांना हसवते, पेंद्याला टोमणे मारते, कृष्णालासुद्धा आडवं विचारते, ती बाईला द्यायची नाही. बाईने दिसायचं, पुरुषाने बोलायचं. बाईच्या वतीनेही पुरुषानेच बोलायचं. हे जुनं झालं म्हणाल तर 'चला हवा येऊ द्या' आठवा, तिथे सगळ्यात मोठा हशा साडी नेसलेल्या पुरुषांनीच घेतला. मला त्या नटांबद्दल राग नाही, त्यांचं काम बघून मीही हसले आहे. प्रश्न एवढाच, की साडीतल्या बाईला तो हशा का मिळत नाही?

म्हणून मला गंगी महत्त्वाची वाटते. ती मावशीची जागा बाईने परत घेतलेली आहे. गंगी नाचून नाही, भांडून जिंकते. लोक तिला बघायला नाही, ऐकायला बसतात. तमाशाच्या फडावर, जिथे बाईचं मोल तिच्या अंगावरून ठरत होतं, तिथे एका बाईने जिभेच्या जोरावर उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्या वगाची कथा काय सांगते, तेही एकदा आपल्या डोळ्यांनी वाचा. सावळ्या कुंभार राजाकडे जातो आणि आपल्या गाढवासाठी राजकन्या मागतो. केवढी बंडखोर कल्पना! गावकुसाजवळचा माणूस दरबारात उभा राहून रोटी-बेटीतली बेटी मागतो. प्रेक्षक हसून हसून लोळतो. पण हसू का येतं? कारण मागणं अशक्य आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि शेवटी लग्न होतं ते का होतं? कारण गाढव हे गाढव नसतंच, तो शाप मिळालेला गंधर्व असतो. मूळचाच वरचा! शाप सुटतो, व्यवस्था आहे तिथे राहते, राजकन्या गंधर्वाला मिळते. सावळ्याला पोरगा असता आणि त्याच्यासाठी राजकन्या मागितली असती, तर तो वग विनोदी राहिला असता का? अशा मागण्यांचे वग आपल्याकडे वर्तमानपत्रात छापून येतात. तिथे शाप सुटत नाही, कोयते निघतात.

आणि गंगी? गंधर्व स्वर्गात, राजकन्या महालात, गंगी तिच्या जागी. तिला कुणी शापित अप्सरा केलं नाही.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, मग अटी घालून उठवली. अश्लीलता काढा, सुधारा, तपासून घ्या. त्याच काळात पांढरपेशांनी लोकनाट्य नावाने तोच साचा उचलला. पुलंचं 'पुढारी पाहिजे' सेवा दलाच्या कलापथकासाठी होतं, पुढे वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, दादा कोंडके त्यातून पुढे आले. हे सगळं चांगलं काम होतं, मी नाकारत नाही. पण ज्या बायकांनी शतकभर फडावर अंग झिजवलं, त्या 'सुधारणे'त कुठे गेल्या? फॉर्म सुधारला, तो घेऊन लोक रवींद्र नाट्यमंदिरात गेले. बायका राहिल्या कनातीत. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे सगळं पुस्तक याच प्रश्नावर लिहिलं आहे: अश्लील कुणाला म्हणायचं हे जात कशी ठरवते. आपल्या कार्यकर्त्यांनी ते वाचावं. मराठीत यावं, आणि आपल्या विहाराच्या कपाटात यावं.

आता काकांकडे येते. इथे मला जपून लिहायचं आहे, कारण त्यांचा मुद्दा खरा आहे.

पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आणि पवळा हिवरगावकर. तो ब्राह्मण, ती महार. आपल्या चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. महार स्त्रीला नाचवून आलेला पैसा महारांच्या मुक्तीला नको. याच बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना हा धंदा सोडण्याचं आवाहन केलं. भाकरीचा प्रश्न त्यांना कळत नव्हता असं नाही. सोडल्याशिवाय माणूस म्हणून उभं राहता येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. तो नकार होता म्हणून माझ्या आजीला शाळा मिळाली नसली तरी माझ्या आईला मिळाली. त्या नकारावर मी एक अक्षर बोलणार नाही.

पण काका, बाबासाहेबांनी नाकारलं काय? नाकारली सक्ती. जातीने लादलेलं नाचणं. ज्या व्यवहारात बाई नाचते आणि पैशाची थैली दुसरा उचलतो, तो व्यवहार. कलेला त्यांनी नकार दिला असता तर जलसे झाले असते का? भीमराव कर्डकांनी गण बदलला, गवळण हटवली, बतावणीत सनातन्यांची भंबेरी उडवली. विनोद हे जलशाचं हत्यार होतं. गावचा पाटील, भट, सावकार मंचावर आणून त्यांच्यावर महारवाडा हसला, तेव्हा पहिल्यांदा हसण्याची दिशा उलटली. पुढे वामनदादांनी गाण्यातून तेच केलं.

आणि त्या जलशात बाईची भूमिका कोण करत होतं? पुरुष. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पवळाचा इतिहास ताजा होता, बाई मंचावर आली की शिट्ट्या येणार हे ठरलेलं. म्हणून त्यांनी आपल्या लेकींना मंचावरून उतरवून सभेत बसवलं. बरोबर केलं. पण उतरवलं ते परत चढवण्यासाठी की कायमचं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं तेव्हा बायका परिषदा घेत होत्या, ठराव मांडत होत्या, तुरुंगात जात होत्या हे समोर आलं. म्हणजे सभेत बोलायला बाई चालली. गायला चालते, भीमगीतांच्या गायिकांना आपण लाखालाखाच्या सुपाऱ्या देतो. मग हसवायलाच का चालत नाही?

मला वाटतं, उत्तर सोपं आहे आणि ते आपल्याला आवडणार नाही. गाणारी बाई बाबासाहेबांची महती गाते. हसवणारी बाई कधी ना कधी आपल्यावर बोट ठेवेल. तिच्या वीस मिनिटांत काय आहे, ते मी कमिटीला सांगितलं नव्हतं, आता सांगते. तिने गंगी घेतली आहे, पण तिचा सावळ्या जयंती कमिटीचा अध्यक्ष आहे. तो वर्गणी मागतो, डीजे ठरवतो, बॅनरवर आपला फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा छापतो. गंगी त्याला विचारते, घरात गॅस संपलाय, त्याचा बॅनर कधी लावतोस? तालमीत मी इतकी हसले की पोटात दुखलं. नंतर हसू थांबलं, कारण माझ्या ओळखीची चार माणसं त्यात होती.

न्हावा-शेव्याच्या लोकांना बाजूचं पात्र असणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरणमध्ये, आणि दोन्ही नावं मिळून जगाच्या नकाशावर एक बंदर. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व निघालं. त्या हुतात्म्यांपुढे मी वाकते. पण ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांनाच तो हिशोब लागू झाला. दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाणारा, मिठागरात फावडं मारणारा आमचा आजा कोणत्या टक्क्यात बसला? शेतही गेलं, मिठागरही गेलं. पण कागदावर त्याचं काहीच गेलं नाही. प्रकल्पग्रस्तांच्या कथेत तो होता, मोर्चात होता. साथ छान दिली त्याने! आज त्याची सून गोदामात ठेकेदाराकडे लेबलं चिकटवते, आणि १२ जानेवारी २०२४ पासून तिच्या डोक्यावरून अटल सेतू जातो, ज्यावर तिला पायी जायला परवानगी नाही आणि तिच्याकडे चारचाकी नाही.

त्या सुनेची पोरगी मंचावर जाते आणि लोकांना हसवते. तिला सहायक म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की मुख्य कोण आहे आणि ते कुणी ठरवलं.

परीक्षकांना मी पत्र लिहिलं आहे. बक्षीस परत करा असं पोरीला मी मुळीच सांगितलं नाही. दोन हजार रुपये होते, तिने आईला चपला आणि स्वतःला मोबाईलचा रिचार्ज घेतला. पत्रात एवढंच मागितलं, की पुढच्या वर्षीपासून 'सहायक' आणि 'विनोदी' हे दोन शब्द एकत्र छापू नका. विनोदी भूमिकेचं बक्षीस वेगळं द्या, आणि त्यात बाई-पुरुष एकत्र मोजा. सावळ्याला आणि गंगीला एकाच तागडीत घाला, मग पाहू. उत्तर आलेलं नाही.

कमिटीची दुसरी बैठक रविवारी झाली. दोन तास वाद झाला. महिला मंडळातल्या सहा जणी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसल्या, घरचा स्वयंपाक अडवून. एका आजीने विचारलं, "पोरगी पदर धरून नाचणार हाय का?" मी म्हटलं, नाही आजी, भांडणार आहे. "मग भांडू दे की, आमी काय कमी भांडलो?" काका हसले नाहीत, पण त्यांनी हातही वर केला नाही, विरोधात. अकरा विरुद्ध चार.

वीस मिनिटांची बारा झाली आहेत, वंदना आणि मुख्य भाषणाच्या मध्ये. ढोलकी नको असं ठरलं, त्यावर मी अजून भांडणार आहे. अध्यक्षांनी एकच विचारलं, त्या सावळ्याचे कपडे कसले असणार? पोरगी म्हणाली, पांढरा सदरा आणि खिशाला पेन. अध्यक्षांनी आपल्या खिशाकडे पाहिलं.